आधी कायदा करा, मग आकडे सांगा

१९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. त्याआधी १८९३ पासून सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात ते करून पाहिलं होतं. मूल शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड व्हायचा, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. पण सक्ती केल्यावर शाळा बांधणं, मास्तर नेमणं आणि पैसा उभा करणं दरबारालाही चुकवता येईना. ही खरी गोष्ट आहे. राजाने प्रजेला बांधलं तसं स्वतःलाही बांधून घेतलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडलं, ते पुढच्या वर्षी पडलं. देशभरच्या मुलांना शिक्षण हक्काचा कायदा मिळायला २००९ साल उजाडलं.

हवामानाच्या बाबतीत आपण अजून १९०५ सालातच आहोत.

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, असं पंतप्रधानांनी २०२१ मध्ये ग्लासगोत जाहीर केलं. २००५ च्या तुलनेत जीडीपीमागचं उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करू, हे पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने मंजूर केलं. पॅरिस करार असं उद्दिष्ट कळवायला लावतो, ते गाठलं नाही म्हणून दंड करत नाही. आणि देशात? २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क मानला, घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवलं की या विषयावर आपल्याकडे असा एक सर्वसमावेशक कायदाच नाही. म्हणजे हक्क मिळाला, पण तो मोडला तर कुणाची गचांडी धरायची ते लिहिलेलं नाही.

ते लिहिलेलं नसलं की काय होतं, हे बडोदेकरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिलं. काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी मोजतात. धोक्याची खूण २५ फुटांची. पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं. वस्त्यांत मगरी आल्या, लष्कर बोलवावं लागलं, आणि पाणी ओसरल्यावर गल्लीत आलेल्या नगरसेवकांना लोकांनी धारेवर धरलं. सगळा दोष हवामानाचा नव्हे. नदीच्या घळींत भराव टाकून बांधकामं झाली, पूरमैदान आक्रसलं. हरित लवादाने २५ मे २०२१ लाच या नदीसाठी कृती आराखडा करा, हद्द आखा, अतिक्रमणं आवरा असं बजावलं होतं. त्यानंतर तीन पावसाळे गेले, चौथ्यात शहर बुडालं. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, पाऊस ढगफुटीसारखा कोसळतो, म्हणून नदीला आता पूर्वीपेक्षा जास्त जागा लागणार. आपण ती कमी केली.

एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला. भारताचं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीहून कमी आहे. त्यांनी आधी पैसे मोजावेत, आणि जास्त मोजावेत. पण घरातला कायदा त्या भांडणाला आड येत नाही. उलट ज्याचा हिशेब घरी चोख, त्याचा आवाज बाहेर चढा. वानुआटूसारख्या चिमुकल्या बेटदेशाने पुढाकार घेऊन हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मत बंधनकारक नाही, तरी यापुढे प्रत्येक देशातला वकील ते पुढ्यात ठेवणार.

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ मध्येच सरकारला बजावलं होतं की १९९० च्या तुलनेत २०२० अखेर किमान २५ टक्के कपात करावीच लागेल. ब्रिटनच्या २००८ च्या कायद्यात कपात हे थेट मंत्र्याचं कर्तव्य आहे, पाच-पाच वर्षांचा उत्सर्जनाचा ताळेबंद आहे, आणि योजना कच्ची निघाली म्हणून तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सरकारला ती नव्याने करायला लावली.

आपल्यालाही असाच कायदा हवा, काही उद्दिष्टं त्याशिवाय गाठली असली तरी. विजेच्या क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करण्याचं उद्दिष्ट आपण २०२५ मध्येच गाठलं, पाच वर्षं आधी. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी बडोद्यातल्या कालव्यावरच्या १० मेगावॉट सौर प्रकल्पाचं उद्घाटन केलं होतं. ते काम अभिमानाचंच आहे. पण क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच. कुठला आकडा पुढे करायचा हे सरकारने ठरवू नये. स्वतंत्र समितीने मोजावं, संसदेत दरवर्षी मांडावं, चुकलं तर नागरिकाला उच्च न्यायालयात जाता यावं.

आणि दिल्लीची वाट कशाला पाहायची? गुजरातने २००९ मध्ये देशात सर्वांआधी हवामान बदल विभाग काढला. पाणी, जमीन, शेती हे तर राज्याचेच विषय. नदीची पूररेषा कायद्याने पक्की करणारं आणि ती मोडायला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरणारं विधेयक पुढच्या अधिवेशनात कोण मांडणार, हे बडोद्याच्या आमदारांनी सांगावं.