टोपी काढू का?

पुण्याच्या थंडीचं मुख्यालय शिवाजीनगरला आहे आणि लोक त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं हे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं. येताना नाव घेऊन आलं आणि बर्फ तिकडेच विसरलं. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा, तोही १७ जानेवारी १९३५चा. त्या आकड्याच्या आठवणीवर आम्ही अजून स्वेटर घालतो. पारा तेरावर आला की शिवाजीनगरचा माणूस दबक्या आवाजात सांगतो, ‘तेरा!’ आणि पाषाणचा माणूस शांतपणे म्हणतो, ‘आमच्याकडे अकरा.’ थंडीतही कमीपणा घ्यायचा नाही, फक्त अंश कमी घ्यायचे.

अशा या शहरातून हिवाळाभर रोज एक फोटो पाठवायचा, असा करार माझ्या भाचीनं माझ्याकडून करून घेतला. ती अमेरिकेत व्हरमाँटला असते. ‘मावशी, तू तुझा हिवाळा पाठव, मी माझा पाठवते.’ सामना पहिल्या दिवसापासून विषम होता. तिनं खिडकी उघडली की पांढराशुभ्र हिवाळा समोर हात जोडून उभा. मला इथं तो शोधून आणावा लागतो. झाडं हिरवी ती हिरवीच, बोगनवेल गुलाबीच, आकाश निळंच. जीपच्या टपावर गोठलेल्या दवाचा तो एक फोटो वर्तमानपत्रात दर वर्षी येतो खरा, पण तो वेण्णा तलावाकाठचा, आणि फोटोपायी रोज महाबळेश्वर कोण गाठणार?

जाणकार म्हणाले, पहाटेचा प्रकाश पकडा. आता डिसेंबर संपत आला की दिवस मोठा होऊ लागतो असं शाळेत शिकवलेलं असतं. होतो, पण संध्याकाळच्या बाजूनं. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरपासूनच पुढे सरकायला लागलेला असतो. सूर्योदय मात्र पार संक्रांतीपर्यंत उशिरा-उशिरा होत जातो; जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सात वाजून गेले तरी महाराज क्षितिजाखालीच. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैपेक्षा सुमारे पन्नास लाख किलोमीटरनं जवळ, आणि त्या ओढीनं जरा भरभर पळते. सूर्याचं आणि आपल्या घड्याळाचं बिनसतं ते थोडंफार यामुळेही. हे मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना समजावून सांगितलं. त्यांनी कानटोपीवरून मफलर गुंडाळता गुंडाळता विचारलं, ‘पन्नास लाख किलोमीटर जवळ? मग ऊब कुठं गेली?’

उशिरा का होईना, सूर्य एकदा वर आला की नदीवरच्या पुलावर जे दिसतं त्याला तोड नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर तुलनेनं उबदार हवेचं झाकण बसतं, आणि कुणीतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर वर जायचं सोडून आडवा पसरतो. त्यातून उन्हाचे तिरपे पट्टे उतरतात. शहरानं नदीत जे काही सोडलेलं असतं ते हवेपेक्षा कोमट असल्यामुळे पाण्यावरून वाफ निघते. त्या वाफेत जलपर्णीची जांभळी फुलं. फोटोला वास नसतो, ही छायाचित्रणकलेची फार मोठी सोय आहे. भाचीनं तो फोटो फोनच्या पडद्यावर लावला. नदीच्या प्रकृतीविषयी मी तिला काही बोलले नाही; परदेशातल्या मुलांना काळजी लावू नये.

पण माझं ठाम मत झालंय की पुण्याचा हिवाळा झाडापानांवर नसतोच, तो माणसांच्या डोक्यावर असतो. अस्सल, देखणा, तपकिरी लोकरीचा. आणि त्याचा फोटो काढणं अशक्य आहे, कारण कॅमेरा दिसला की माणसं टोपी काढतात.

आमच्या वॉचमनचंच घ्या. पहाटेच्या अंधारात शेकोटी, तिचा तांबूस उजेड, त्यात माकडटोपीतून दिसणारे नुसते दोन डोळे आणि मिशी. असं चित्र घडवायला पैसे मोजावे लागतील. मी म्हटलं, ‘मामा, एक फोटो काढू?’ मामा उठले. टोपी काढली, घोंगडी शेकोटीपासून लांब नेऊन ठेवली, खिशातून कंगवा काढून भांग पाडला आणि पासपोर्टला बसावं तसे ताठ बसले. ‘टोपी राहू द्या ना,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘गावाकडं पाठवणार हाय मी त्यो. टोपीत वळखू यायचो न्हाई.’

टेकडीवर ज्येष्ठांचा एक कंपू रोज असतो. एकाच्या स्वेटरला कोपरावर ठिगळ, ते ठिगळही हातानं विणलेलं. मला त्या ठिगळाचा फोटो हवा होता. त्यांनी स्वेटर उतरवून आतला इस्त्रीचा शर्ट पुढे केला. एका आईनं तर दोन वर्षांच्या पोराला थंडीत कुडकुडवत तीन थर सोलून काढले, कारण खालचा फ्रिलचा सदरा वाढदिवसाचा होता. अंगावरचं काही न काढता पोज देणारं एकच मॉडेल मला भेटलं, ते लाल स्वेटरमधलं कुत्रं. आणि त्याच्याही चेहऱ्यावर, हा हट्ट माझा नाही, असंच लिहिलं होतं.

खालचे काका तेवढे विचारून काढतात. ‘टोपी काढू का?’

‘नको काका, टोपीच हवीय.’

‘म्हणजे मी नकोय?’

याला उत्तर नव्हतं. त्यांचा टोपीसह एक काढला, टोपीशिवाय चार काढले.

भाचीच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर जेरिको नावाचं गाव आहे. तिथल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याच्या मुलानं कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून १५ जानेवारी १८८५ला एका हिमकणाचा फोटो काढला, त्याचा पहिलाच. मग जन्मभर तेच करत राहिला. पाच हजारांवर हिमकण टिपले. बिनशेकोटीच्या खोपटात, श्वास रोखून. आपल्याच उच्छ्वासानं मॉडेल वितळायचं! वडिलांना हा उद्योग शुद्ध वेडेपणा वाटे, हे वाचून मला तो एकदम घरचा वाटायला लागला. पण त्याची मॉडेलं टोपी तरी काढत नव्हती.

बर्फाच्या बाबतीत आपण अगदीच कफल्लक नाही, हे मला त्यानंतर न्हाणीघरात उमगलं. खोबरेल तेल चोविसेक अंशांखाली थिजतं. पुण्यात बर्फ पडतो तो तेलाच्या बाटलीत. आधी तळाशी धुक्यासारखं काहीतरी, मग तरंगणारे पांढरे पापुद्रे, आणि सकाळी एक अख्खा शुभ्र कडा. मी पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली, मागून ऊन येऊ दिलं आणि कॅमेरा इतका जवळ नेला की श्वास रोखावा लागला. आमच्या सासूबाई दारात येऊन बराच वेळ बघत होत्या. ‘अगं, तेल थिजलं तर उन्हात ठेवतात. त्याचे फोटो काढत नाहीत.’

‘आई, दोनच मिनिटं.’

‘सावकाश. केस काय, वाट बघतील.’

फोटो गेला आणि थोड्याच वेळात भाचीचा फोन आला. पाठीमागे तिच्या मैत्रिणींचा गलका. ‘मावशी, सगळ्या विचारतायत, ही कुठली हिमनदी?’

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन हातात घेतला. ‘त्यांना म्हणावं, कोथरूडची. आणि आता ती मी गरम पाण्यात ठेवतेय.’