लातूरचे दाजी आणि तीस मीटरची क्वार्टर

नांदेड-लातूरकडच्या माणसाचं पाण्याशी नातं टँकरपुरतं. मी तर गोदाकाठचा असूनही घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरलेलो नाही. तरी पोरांनी हट्ट धरला म्हणून तारकर्लीला स्कूबा करायला निघालो. लातुरात ताई आणि दाजी गाडीत आले. दाजींनी डिकीत आधी बर्फाचा डबा ठेवला, उरलेल्या जागेत ताईची बॅग.

सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट. निसर्ग चांगला असावा, मी झोपलो होतो. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला लांबून झकास दिसतो.

रात्री सुरमईसोबत दाजी ‘दोनच’ म्हणून बसले आणि पहाटेपर्यंत दोनच म्हणत राहिले.

सकाळी होडीत बसायच्या आधी फॉर्म आला. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, मद्यपान. दाजींनी सगळीकडं ‘नाही’ लिहून झोकात सही ठोकली. होडीत शिकवणाऱ्या पोराला मात्र वास आला.

“काका, रात्री किती घेतल्यात?”

“मी? अरे, माळ हाय माझी!”

माळ होती खरी, गाडीच्या आरशाला. तेवढ्यात लाट आली, होडी कलली आणि दाजींनी काठावरून वाकून सुरमई समुद्राला परत केली. क्षणात मासे गोळा झाले. पोरं खूष.

शिकवणारा हसला नाही. “हेच खाली झालं असतं तर? नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडातल्या नळीतून. उलटी आली की माणूस घाबरून नळी काढतो आणि श्वासाबरोबर पाणी ओढतो.” शिवाय दारूनं अंगातलं पाणी कमी होतं; खोल बुडी मारणाऱ्याच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे धरण्याचा धोका त्यानं वाढतो. नायट्रोजनची नशाही चढते. पाणबुडे गमतीनं म्हणतात, दर दहा मीटरला एक पेग.

दाजींचा चेहरा उजळला. “म्हणजे तीस मीटरला क्वार्टर! अन् खंब्याला सव्वाशे?”

“हौशी पाणबुड्यांची हद्द चाळीसला संपते, काका. आणि तुम्ही आज होडीतच बसायचं.”

इथं माझं डोकं फिरलं. किनाऱ्यावर ताई छत्री धरून उभी, पोरं होडीत, आणि हा गृहस्थ फॉर्मवर थापा मारून पाण्यात उतरायला निघालेला! चांगलं सुनावलं. दाजी मुकाट्यानं ओआरएस पीत बसले.

त्यांच्याकडं बघून लातूरची पाणीटंचाई आठवली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकर आला की दाजी शेजारच्या म्हातारीच्या घागरी आधी भरायचे, मग आपल्या. तोच माणूस आता अथांग पाण्याकडं बघत पुटपुटला, “एवढं पाणी हाय, अन् मला उतरू देईनात.” मला पुढं बोलवेना.

बुडीबद्दल सांगायचं तर कान दुखले, नाक दाबून फुंकर मारली, मोकळे झाले. निळे-पिवळे मासे दिसले. भाच्यानं आनंदानं अंगठा वर केला, तर त्याला लगेच वर काढलं. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’.

तुम्ही जाणार असाल तर आदली रात्र सोलकढीवर काढा, बाटली बुडीनंतरच्या संध्याकाळी उघडा. आणि फॉर्मवर खरं लिहा.