आधी उशी नीट कर

"अगं, आमच्या भाचेबुवांचा नवा पराक्रम ऐकलास का?" शेवग्याच्या शेंगा भिंतीवरून माझ्या हातात देत मावशी म्हणाल्या.

"ते पत्रकं वाटतात ते?"

"तोच. कसलंसं शिबिर करून आलाय, तेव्हापासून पाय घरात टिकत नाही. परवा सकाळीच कोपऱ्यावरच्या काकांना गाठलं. त्यांच्या हातात दुधाची पिशवी, पायात स्लिपर. हा विचारतो, 'काका, आज रात्री मरण आलं तर कुठे जाल?' काका म्हणाले, 'आधी अमरधामला. पुढचं मुलगा बघेल.'"

मी हसत सुटले. मावशीही हसल्या, पण कपाळावरची आठी काही जाईना. मावशी नगरच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. सिव्हिलमध्ये नर्स होत्या. रविवारी काठापदराची साडी नेसून देवळात निघाल्या की गल्लीला नऊ वाजल्याचं कळतं.

"पण मावशी, सांगावं तर लागतंच ना तुमच्यात?"

"लागतं की! येशूनंच सांगितलंय, जा आणि सांगा. मी कुठे नाही म्हणते? पण दूध नासायच्या आत घरी जाऊ द्या ना माणसाला! माझी आजी बायबलबाई होती, मिशनची. खेड्यात जायची, ओसरीवर बसून बायकांना ज्वारी निवडू लागायची. पोरींकडून पाटीवर मुळाक्षरं गिरवून घ्यायची. कुणाचं पोर डोळे आल्यानं चिडलेलं असलं तर औषध घालायची. येशूची गोष्ट निघायची ती निम्मं सूप निवडून झाल्यावर. तीसुद्धा कुणी विचारलं तर."

"तरी लोक बोलतातच की. दुष्काळात पोटासाठी बाटले म्हणून."

हे मी बोलायला नको होतं असं क्षणभर वाटलं. मावशींनी मात्र शांतपणे शेंगेचं देठ मोडलं. "शाळेत मलाही ऐकवायचे. आले असतील काही पोटासाठी. पण पाऊस पडल्यावर परत का नाही गेले, हे कुणी विचारत नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे, बाई. आम्हाला शेजारी बसवून कुणी जेवलं, हीच आमची सुवार्ता."

मग विषय टिळकांवर गेला. मला रेव्हरंड टिळक माहीत ते शाळेतल्या कवितांपुरते. मावशींना ते घरचेच.

"आगगाडीतली गोष्ट ठाऊक आहे का? टिळक राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा साहेब भेटला. गप्पा झाल्या आणि त्यानं नवा करार हातात दिला. दोनेक वर्षांनी, १८९५ साली, टिळकांचा बाप्तिस्मा."

"म्हणजे भाचेबुवांचंच बरोबर! पुस्तक दिलं आणि काम झालं."

"अगं, आधी साहेब संस्कृत काव्यावर बोलत बसला होता! टिळकांच्या जिव्हाळ्याचा विषय. पुस्तक मग निघालं. आणि टिळकांनी तरी लगेच मान डोलावली का? सुरुवातीला त्यांना ते वाचवेना. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा अडकले."

"आणि लक्ष्मीबाई?"

"ती तर खरी गंमत!" मावशी भिंतीवर कोपर टेकून नीट उभ्या राहिल्या, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या आता घरच्यांनी मोजायच्या. "नवरा बाटला म्हणून वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच्याकडे आल्या त्याही स्वतःचं सोवळं घेऊन. टिळक कवी, कीर्तनकार, बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. पण बायकोपुढे काही चाललं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न तिचा तिलाच पडला, तेव्हा ती हलली. बाप्तिस्मा १९०० साली! तिचं 'स्मृतिचित्रे' वाच, रडता रडता हसशील. भाच्याला मी तेच दिलंय, पण त्याला वेळ कुठाय?"

टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, टाळ-मृदंगावर भजनं म्हणायला लावली. मावशींच्या 'उपासना संगीता'त चार पानं उलटली की टिळक भेटतात. नाताळच्या रात्री त्यांच्या घरातून भजन ऐकू येतं, तेव्हा नव्या भाडेकरूला वाटतं, शेजारी माळकरी राहतात. ही चाल तशी जुनीच. गोव्यात फादर स्टीफन्सनं 'क्रिस्तपुराण' ओवीतच रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. माणसाच्या घरात शिरायचं तर त्याच्या उंबऱ्याची उंची ठाऊक हवी, एवढी अक्कल त्या परदेशी साहेबाला होती.

माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा मावशी रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "प्रार्थना करू का तुमच्यासाठी?" सासूबाई कट्टर एकादशीवाल्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "कर गं, पण आधी उशी नीट कर." मावशींनी उशी नीट केली, चादर ओढली, मग दोन मिनिटं हात जोडून पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "आज नाही का म्हणायचं तुझं ते?"

"पण मावशी," मी म्हटलं, "इतक्या वर्षांत मला कधी येशूबद्दल सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

"आता विचारते."

"आता? मटण चुलीवर आहे माझं!" त्या लगबगीनं वळल्या. "रविवारी चल देवळात. पण घरून खाऊन नीघ. आमच्या पाळकसाहेबांना एकदा उपदेश सुरू केला की घड्याळ दिसत नाही. आणि हे बघ, भाच्याला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर उद्या सकाळी दारात हजर होईल."