चाबी माह्याजवळच हाये

नागपूरहून समृद्धी महामार्गाने शेलूबाजारला दोन तासांत पोचलो, तिथून मंगरूळपीर अर्ध्या तासात गाठलं. घराच्या उंबरठ्यापासून आतल्या पलंगापर्यंतचं अंतर मात्र अजून कापायचं आहे.

त्या उंबरठ्यावर ज्यांची सत्ता चालते त्यांना सगळे नुसतंच ‘भाऊ’ म्हणतात. मालक पुण्यात. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला, बिरबलनाथांच्या यात्रेला, लग्नाकार्याला येणाऱ्यांना वाडवडिलांचं घर भाड्याने द्यावं म्हणून त्याने दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं आणि सहा आकडे आम्हाला मोबाइलवर पाठवले. रात्री साडेनऊला ते दाबले. हिरवा दिवा लागला, कुलूप गोड आवाजात किणकिणलं. दार हललं नाही. टॉर्च मारला तर खाली कडीकोयंडा आणि त्यात मुठीएवढं अलीगढी कुलूप.

फोन लावला. ‘‘चाबी माह्याजवळच हाये. निंगालोच.’’ मागून कोणीतरी वांग्याची भाजी इकडे फिरवा म्हणून ओरडत होतं; रोडग्यांची पंगत ऐन रंगात असावी.

मालक बदलतो, चाबीवाला बदलत नाही. मंगल कार्यालयाच्या खोल्या असोत की धर्मशाळा, भाऊ तेच. सरकारी विश्रामगृहात तर आरक्षणाचा कागद आपल्या हातात असतो आणि खानसामा रात्रीची लाइन आली म्हणून ओलिताला गेलेला असतो.

पावणेअकराला भाऊ आले. करदोड्याला चाव्यांचा जुडगा. कुलपाकडे ढुंकूनही न बघता ओट्यावर मांडी घालून बसले.

‘‘आधार?’’

मी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार दाखवलं.

‘‘बाकीचे काहून झाकले?’’

‘‘सुरक्षेसाठी.’’

‘‘मंग मालकाले सुरक्षा नाई लागत का?’’

यावर उत्तर नव्हतं. खरी तपासणी तर पुढेच होती. आडनाव कोणतं, मूळ गाव कोणतं, लग्नाला मुलीकडून की मुलाकडून. आईचं माहेर कारंजा निघालं तेव्हा भाऊ जरा सरसावले. कारंज्यात कोणाच्या घरचे? मामांचं नाव सांगितलं. भाऊंनी कपाळावर हात मारला. ‘‘मंग पयलेच काहून नाई सांगतलं, बाप्पा!’’ भाऊंच्या साळ्याची आणि मामांची धुऱ्याला धुरा लागून होती.

आता कुठे जुडगा सुटला. चौदा चाव्या एकेक करून लावून झाल्या. कुलूप ढिम्म. भाऊंना आठवलं, ती चाबी त्यांनी मोटारसायकलच्या चाबीत अडकवली होती आणि मोटारसायकल जावई मानोऱ्याला घेऊन गेला होता.

मग काय, भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी मध्यरात्री रोडगे, वरण, वांग्याची भाजी वाढली. वर तूप नको म्हणायची सोय नव्हती. भाऊ स्वतः अंगणात झोपले, पलंग आम्हाला दिला.

सकाळी जेवणाचे पैसे काढले तर भाऊ चिडलेच. नात्यात पैसे घेतात का? मी मुकाट्याने पाकीट खिशात घालू लागलो, तर त्यांनी हात धरला.

‘‘ते खोलीचं भाडं राह्यलं.’’

‘‘पण भाऊ, आम्ही आत गेलोच कुठं?’’

‘‘तुमी नाई गेले, पन रातभर दुसऱ्या कोनाले जाऊ देल्लं का म्या?’’