युरोपचा सातबारा

चाकण-कुरुळीच्या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत माणसाचा एक नवा वाण तयार झाला आहे. नांगर कधीच गेला, पण रानावरची नजर शाबूत. अशा माणसाला कुठल्याही मोकळ्या जागेसमोर उभं करा. तो आधी रस्ता किती फुटी ते बघेल, मग वरून हायटेन्शनची तार जाते का ते बघेल, आणि मग तोंड उघडून एकच प्रश्न विचारेल, "कुनाचंय?" डोंगर, ढग, संध्याकाळचं ऊन यांचा नंबर या क्रमात लागतच नाही.

आमचा आबा या वाणाचा बियाण्याला ठेवावा असा नमुना. निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेलीवर त्याने शेड टाकल्या, शेडच्या मागे कामगारांसाठी खोल्या काढल्या. गळ्यात तुळशीची माळ, पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि मोबाइलमध्ये जमीन मोजायचं अ‍ॅप. पोरगा जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकायला गेला. त्यानेच आम्हा दोघांचे युरोपच्या रेल्वेचे पास काढून ठेवले आणि स्वतः परीक्षेचं कारण सांगून सुटला. मी एका जर्मन कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली आणि पुण्याच्या मॅक्सम्युल्लर भवनात थोडी जर्मन शिकलो, एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली.

कुरुळीला रेल्वे नाही. ट्रेन पकडायची तर चिंचवड नाही तर पुणं गाठायचं, आणि त्याआधी हायवेवरच्या कंटेनरच्या रांगेतून जिवंत बाहेर पडायचं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा 235 किलोमीटरचा आराखडा मात्र आबाला तोंडपाठ आहे. चाकणला स्टेशन होणार, पावणेदोन तासांत नाशिक, हे ऐकून ऐकून त्याचे केस पिकले. मग मार्गात खोडदच्या रेडिओ दुर्बिणी आल्या आणि आखणी परत टेबलावर गेली. त्यामुळे आबाच्या लेखी रेल्वे म्हणजे मुळात जमिनीची एक लांबलचक पट्टी, जी कुणाकडून तरी घेतलेली असते. तिच्यावर गाडी धावते ही पुढची गोष्ट.

पॅरिसला आम्ही उतरलो तेव्हा आबा चेहरा पाडून बसला होता. गर्दी, इमारती, कुठे रिकामा गुंठा दिसेना. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, "आबा, तुझ्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात ना, तो आर इथला. 1795 साली इथल्या सरकारनं कायद्यानं ठरवला." आबा थांबला. समोरच्या नदीकडे, पुलाकडे, पुलावर फोटो काढणाऱ्या जोडप्याकडे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हंजी तलाठ्याचं मूळ गाव हे," तो म्हणाला, आणि त्यानंतर पॅरिसबद्दल त्याने एकही वाईट शब्द काढला नाही. आयफेल टॉवर त्याने खालूनच पाहिला. पायाच्या चार खांबांनी किती जागा अडवली आहे एवढं चालत मोजलं आणि निघाला.

कलोनला स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल अंगावरच येतं. 1248 साली काम सुरू झालं आणि 1880 साली संपलं असं मी सांगितलं. माझ्या ओळखीची माणसं हे ऐकून थक्क होतात. आबा म्हणाला, "स्टे असंल."

जर्मन गाडीत मात्र तो खुलला. तिथे बऱ्याच गाड्यांत आरक्षण सक्तीचं नाही. सीटच्या वर छोट्या पाटीवर आरक्षण नसलं की बसायचं. पाटीवर आरक्षण दिसतंय आणि माणूस आलेला नाही, तर? मी नियम सांगितला: गाडी सुटल्यापासून 15 मिनिटांत मालक आला नाही तर त्याचा हक्क संपतो, दुसऱ्याने बसायला हरकत नाही. आबाने माझं मनगट धरलं. "पंधरा मिन्टात वहिवाट? आपल्याकडं बारा वर्सं कब्जा दाखवावा लागतो, साक्षीदार लागत्यात, पीकपाहणी लागती, आन् तरी बी कोर्ट म्हणतं पुरावा आना!" त्या दिवसापासून तो मुद्दाम आरक्षित सीटशेजारी घड्याळ धरून उभा राहू लागला. मोकळ्या सीटा शेजारी असताना. पंधरावं मिनिट पुरं झालं की शांतपणे बसायचा, पाय जरा फाकवायचा, आणि समोरच्या जर्मन माणसाकडे असा बघायचा की त्याने साक्षीदार म्हणून सही करावी.

बाकी खिडकीबाहेर जे पळत होतं त्याची मोजणी चालूच होती. अ‍ॅप चालू करून त्याने एका गव्हाच्या रानाची हद्द गाडीतूनच घ्यायचा प्रयत्न केला. गाडी ताशी दोनशेच्या वर, त्यामुळे अ‍ॅपने दोन जिल्हे त्याच्या नावावर केले. तो स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर गेला.

पण आबाची खरी यात्रा वोल्फ्सबुर्ग. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 साली सुरू झाला, आबाच्या शेडपासून मोटारसायकलवर जाण्याच्या अंतरावर. त्या कंपनीचं मूळ ठिकाण रेल्वेमार्गावर आहे म्हटल्यावर न उतरता पुढे जाणं शक्य नव्हतं. स्टेशनबाहेर कालवा, कालव्यापलीकडे कारखान्याच्या वीजघराच्या चार उंच चिमण्या, आणि बाजूला काचेचे दोन गोल मनोरे. एकेक मनोरा 20 मजल्यांचा, प्रत्येकात 400 नव्या गाड्या उभ्या. गिऱ्हाईक आलं की यंत्राचा हात वरून त्याची गाडी उचलून खाली आणतो. लोक तिथे माना वर करून वा वा करत होते. आबा रडायचा बाकी राहिला. "आपन येडे," तो म्हणाला, "आडवी गोडाऊनं बांधत बसलो."

याच कारखान्यात 1973 पासून सॉसेजही बनतं, आणि त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा पार्ट नंबर आहे: 199 398 500 ए. काही वर्षी कंपनीने गाड्यांपेक्षा सॉसेजं जास्त खपवली. आबा माळकरी, आळंदीची वारी न चुकवणारा. सॉसेज काय असतं हे कळल्यावर त्याने माळेला हात लावला. पण पार्ट नंबर आहे म्हणजे ड्रॉइंग आहे, ड्रॉइंग आहे म्हणजे व्हेंडर असणार. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर परमार्थ आणि जॉबवर्क यांची झोंबी चालली होती. शेवटी म्हणाला, "नगं. प्याकिंगचं काय असंल तर इचार."

मग आम्ही गावातला किल्लेवजा जुना वाडा पाहायला गेलो. वोल्फ्सबुर्ग म्हणजे मूळचा हा वाडा, शूलेनबुर्ग नावाच्या सरदार घराण्याचा. 1938 साली हिटलरच्या राजवटीने मोटारींचा कारखाना आणि त्याच्याभोवती नवं गाव वसवायचं ठरवलं, आणि त्यासाठी या सरदाराची जमीन घेतली. हे मी भाषांतर करून सांगत होतो आणि आबाचा श्वास वाढत होता.

"मोबदला?"

"मिळाला."

"मग केलं काय त्याचं?"

"थोडं पूर्वेला, टांगेल्न नावाच्या खेड्याजवळ दुसरा मोठा वाडा बांधला."

आबाने टाळी वाजवली. वाड्याच्या अंगणातले दोन पर्यटक वळून बघायला लागले. "बंगलाच बांधला! बघ! राजा असो नायतर कुरुळीचा असो, पैसा आला की पयला बंगला!" नंतर त्या सरदाराचा उल्लेख तो 'आपला बाधित' असा करू लागला. मी गप्प बसायला हवं होतं, पण पुढचा इतिहासही सांगून टाकला. 1945 साली तो पूर्वेचा भाग रशियनांच्या ताब्यात गेला आणि 100 हेक्टरच्या वरच्या सगळ्या जमीनदारांची जमीन काढून घेतली गेली, एक पैसा न देता.

आबा जेवला नाही त्या रात्री. ब्राउनश्वाइगच्या खोलीवर पोराने स्वतः केलेली खिचडी तशीच राहिली. झोपताना म्हणाला, "दुसरा बंगला दुसऱ्या तालुक्यात घ्यायला नको व्हता त्यानं."

स्वित्झर्लंडची शोभा मी एकट्याने पाहिली. आबाचं म्हणणं, उतार फार, लेव्हलिंगला पैसा जाईल. तिथे गोटहार्डचा बोगदा आहे, 57 किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. 1992 साली आल्प्सखालच्या या नव्या रेल्वेमार्गांसाठी अख्ख्या देशाने मतदान केलं, 2016 साली त्यातून गाडी धावली. "चोवीस वर्सं," आबा म्हणाला. "मग आपल्या नाशिक गाडीचं काय वयच झालेलं नाय."

बोगद्यात शिरल्यावर खिडकीत अंधार. मोजायला काही नाही म्हणून तो अस्वस्थ झाला आणि समोर बसलेल्या आजींकडे वळला. मी भीतभीत विचारलं, तुम्ही कुठल्या? एर्स्टफेल्डच्या, बोगद्याच्या उत्तरेकडच्या तोंडाजवळच्या. माहेरची गवताची कुरणं होती तिथे. काही भाग या कामासाठी गेला.

आबा सीटच्या टोकावर आला. "इचार, नोटीस हातात दिली का दारावर डकवली? मोजनीला कोन आलं व्हतं? झाडांचे पैसे येगळे धरले का?" मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये झाडांपर्यंत पोचलो. आजींनी पर्समधून चष्मा काढला आणि एकेका प्रश्नाचं उत्तर देऊ लागल्या. झाडांचे धरले होते. विहीर? विहीर नव्हती, झरा होता. झऱ्याचे? आजी थबकल्या. झऱ्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बत्तीस दोनच्या टायमालाच हरकत घ्यायची ना मग!" आबा कळवळून म्हणाला. एमआयडीसी कायद्यातलं ते कलम जर्मनमध्ये कसं सांगायचं हे मला मॅक्सम्युल्लर भवनात शिकवलं नव्हतं. मी नुसतं 'हरकत' एवढंच सांगितलं. आजींनी मान डोलावली आणि भावाला फोन करायला मोबाइल काढला.

उजेड आला. खाली इटालियन बोलणाऱ्या लोकांचा मुलूख सुरू झाला होता, घरांची छपरं बदलली होती. आजींनी फोन कानाला लावूनच मला हळूच विचारलं, हे गृहस्थ वकील आहेत का?

मी आबाला सांगितलं.

"नाय म्हनावं," आबा म्हणाला, "बाधित."