हत्यारासाठी हत्यार

जुन्या फाउंटन पेनांचे शौकीन दोन जातींचे. एक विकत घेणारे. त्यांच्याकडे पैसे असतात आणि मखमली खणांच्या पेट्या असतात. यापलीकडे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरे दुरुस्त करणारे. हे निवृत्त असतात, बहुतेक कुठल्याशा कारखान्याच्या टूलरूममधून. पुण्यात असले तर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात आणि मुंबईत असले तर शुक्रवारी चोरबाजारात सापडतात. नावं निरनिराळी, पण आपण सोयीसाठी आप्पा म्हणू. आप्पांना पेनांचा नाद आहे, असा घरच्यांचा समज आहे. तो खोटा आहे. आप्पांना नाद आहे तो पेन उघडायची हत्यारं बनवण्याचा. पेन ही नुसती सबब.

तसं पेन उघडायला लागतं काय? एक पक्कड. मात्र साध्या पकडीचे दात जुन्या एबोनाइटवर कायमचे उमटतात, म्हणून जबड्यांना रबर हवं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की काम भागतं. शहाणा माणूस इथे थांबतो. आप्पांच्या मते ट्यूब सरकते. मग ते जबड्यांना कानशीने अर्धगोल खाच पाडतात. खाच दोन्हीकडे सारखी आली की नाही हे बघायला एक गेज बनवतात. गेज धरायला शिकंजा लागतो, तो मिळतो, पण त्याचा स्क्रू ढिला असतो. पेन उघडायला पाच मिनिटं लागतात. पक्कड तयार व्हायला गणपती ते दिवाळी.

या घरात वस्तू हरवत नाहीत, बढती मिळून जातात. निब आणि जीभ मागून ठोकून काढायला भोकं पाडलेला ठोकळा लागतो. भोकं चढत्या मापाची, म्हणजे पेनचा पुढचा तुकडा वर टेकतो आणि निब खाली मोकळी लोंबते. मागून सळई घालून हलकेच ठोकायचं. आप्पांचा ठोकळा शिसवी आहे.

"अहो, माझं लाटणं बघितलंत का?"

"कुठलं?"

"घरात दहा आहेत का? शिसवी!"

यावर आप्पा पेपरात डोकं घालतात. ठोकायची सळई सायकलच्या स्पोकची आहे. ती कुणाच्या सायकलची, हे नातवाला अजून कळलेलं नाही.

तरफेच्या पेनांत आप्पांचा हात विशेष चालतो. वॉल्टर शेफर या अमेरिकी जवाहिऱ्याने 1908 मध्ये या तरफेचं पेटंट घेतलं. पेनच्या अंगावरची छोटी तरफ उचलली की आतली पट्टी रबरी पिशवी दाबते, सोडली की पिशवी शाई ओढते. पिशवी रबराची, त्यामुळे काही दशकांत तिचा एकतर भुगा होतो नाहीतर डांबर. हे डांबर खरवडायला आप्पांनी मोडक्या छत्रीची काडी ठोकून, टोकाला आकडा वळवून एक कोरणी केली आहे, आणि खरं सांगायचं तर ती कुठल्याही विकतच्या कोरणीपेक्षा सरस आहे. नव्या पिशव्यांचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात. सोळा नंबर म्हणजे पाव इंच. आप्पा म्हणतात "दोन सूत", आणि समोरच्याला सूत कळत नसेल तर त्याच्या शिक्षणाविषयी एक वाक्य बोलतात.

पिशवी चिकटवायची ती चपडी लाखेने. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. तिचा गुण असा की ऊब दिली की सुटते. उद्या पुन्हा पेन उघडायची वेळ आली तर उघडतं. म्हणून सुपरग्लू हा आप्पांचा जन्माचा वैरी. कुणी आजोबांचं पेन घेऊन आला की ते आधी पेनकडे बघतच नाहीत, चष्म्यावरून माणसाकडे बघतात आणि नामांकित डॉक्टरच्या आवाजात विचारतात, "याआधी कुणाला दाखवलं होतं?"

"मीच जरा चिकटवलं होतं..."

"तरीच."

या 'तरीच'नंतर माणूस आजोबांची क्षमा मागायला तयार होतो.

ऊब देण्याचं खातं सुनेच्या हेअर ड्रायरकडे आहे. तो कधी कपाटात असतो, कधी 'कामावर'. पेन किती तापलं हे आप्पा वरच्या ओठाला लावून ठरवतात, थर्मामीटर त्यांना पोरकट वाटतो. यात गंमत नाही, कारण जुनी रंगीत पेनं सेल्युलॉइडची असतात. जुन्या सिनेमांच्या फिल्मा याच जातीच्या. जास्त तापलं तर भडकाच. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. आप्पा बारीक पॉलिश पेपर फिरवायला लागले की घरभर कापराचा वास सुटतो, आणि शेजारच्या काकू आरती चुकली की काय म्हणून दारात येतात.

पार्कर 51 मात्र त्यांना आवडत नाही. 1941 साली आलेलं हे पेन जगाला प्रिय आहे. 1948 नंतरच्या नमुन्यात प्लॅस्टिकची पिशवी आली, आणि ती आजही बहुधा मऊच असते. धुऊन घेतलं की लिहितं. "यात काही करण्यासारखं नाही," असं म्हणून आप्पा ते ज्या चेहऱ्याने परत देतात, तो चेहरा सुतकाला शोभावा.

त्यांचा जीव रमतो पार्करच्याच 1933 च्या व्हॅक्युमॅटिकमध्ये. त्याचा पंप शेपटीकडे बसवलेला. तो सोडवायला कॉलरच्या आट्यांवर घट्ट बसेल असा, मधोमध चिरलेला पितळी ठोकळा लागतो. तयार मिळतो, पण हे वाक्य आप्पांसमोर उच्चारू नये. ते आटे बाजारातल्या कुठल्याच टॅपशी जुळेनात, म्हणून आप्पांनी टॅपच करायला घेतला. ओळखीच्या लेथवाल्याला चहा-भज्यांवर वश करून आटे पाडून घेतले, गॅसच्या शेगडीवर पोलाद लाल केलं आणि शेंगदाण्याच्या तेलात पाणी दिलं. त्या रात्रीच्या भाजीला वेगळीच चव होती. टॅप झाला, ठोकळा झाला, तोवर पेनचा मालक बदली होऊन नागपूरला गेला होता. आप्पांनी त्याला फोन केला तो ठोकळ्याचं वर्णन करायला. "पेन झालं का?" असं त्याने विचारल्यावर ते क्षणभर गोंधळले.

दुरुस्त झालेल्या पेनने ते वहीवर 'श्री' काढतात, इंग्रजी आठाचे वेटोळे काढतात, भिंगातून निबची दोन पाती बघतात, आणि टोपण लावतात. त्यांच्या स्वतःच्या खिशाला बॉलपेन असतं. वाण्याची यादी, विजेच्या बिलावरची टिपणं, सगळं त्यानेच. "फाउंटन पेन मागे लागतं हो," म्हणतात.

पैसे घेत नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर दारापर्यंत सोडायला येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "घरात एखादी मोडकी छत्री आहे का? जुनी, जाड काड्यांची. चिनी नको."