माजघरातल्या घड्याळाचा टिकटिकाट हवा आहे

डंडी, स्कॉटलंड

ती. आईंना,


पत्रास कारण की, माजघरातलं किल्लीचं घड्याळ अजून चालू आहे ना? फार निकडीचं काम आहे.

तुमच्या चिरंजिवांनी गोल्फ धरलंय. सेंट अँड्र्यूज इथून बसने अर्ध्या तासावर, ऑफिसातले सगळे शनिवारी तिकडेच, मग हे कसे मागे राहणार! लांबचे फटके बरे बसतात म्हणे. घोडं अडतं ते होलजवळ. तीन फुटांवरचा चेंडू आत घालायला तीन टिचक्या लागतात.

म्हणून रोज जेवणं झाली की गालिच्यावर सराव. होल सव्वाचार इंचांचं असतं, त्या मापाची आमटीची वाटी पळवली आहे. तुमच्या लोणच्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि मधून पटर, म्हणजे चेंडू टिचकवायची काठी, न लागता न्यायचा. पहिल्याच आठवड्यात लिंबाची बरणी धारातीर्थी पडली. आता मुरंब्याला जपते आहे. शिवाय लेकाच्या दप्तरातली स्टीलची पट्टी. तिच्यावरून चेंडू न घसरता टोकापर्यंत गेला, तर पटरचं तोंड सरळ होतं असं समजायचं. तोंड एक अंश जरी वाकडं झालं तरी दहा फुटांवर चेंडू दोन इंच सरकतो, म्हणजे थेट होलच्या काठावर. हे मला रात्री साडेदहाला समजावून सांगितलं गेलं. भाताच्या पाण्याचा अंदाज मात्र यांना अजून येत नाही.

मागच्या सुट्टीत आम्ही हिमालयावर जाऊन आलो. घाबरू नका, स्वेटर लागला नाही. सेंट अँड्र्यूजचं ते नुसतं पटिंगचं मैदान आहे, पण सगळं उंचवटे नि खळगे, म्हणून हे नाव. १८६७ साली इथल्या बायकांनी मंडळ काढलं, त्याच मंडळाचं हे मैदान. त्या काळी बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर नेणं शोभत नसे, तेव्हा त्या पटिंगमध्ये तरबेज झाल्या. (तुम्हाला आवडलं असतं.) तिथे तुमच्या नातीने, चिऊने, एका हातात आइस्क्रीम धरून, न बघता, चेंडू आत घातला. यांचं म्हणणं, उतार तिच्या बाजूने होता.

आता घड्याळाचं. मनगटं हलवायची नाहीत, खांद्यापासून हात लंबकासारखे झुलले पाहिजेत. 'टिक'ला मागे, 'टक'ला पुढे. मोबाइलमधली टिकटिक यांना चालत नाही, लहानपणचीच हवी. तर बाबांना सांगून पुन्हा एकदा पाच मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा, पण स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. मागच्या वेळी मधेच कुकर झाला, आणि आता तिसरी शिट्टी झाल्याशिवाय यांचा पटर हलत नाही.

ती. बाबांना नमस्कार.

आपली,
सौ. मेधा